झंकारचे बाबा गेले, तुझे नाहीत

पत्र (जागेअभावी थोडं कापून):

प्रिय ताई,

मी २५ वर्षांची, मिरजेची. एका सीएंच्या ऑफिसात काम करते. मे महिन्यात माझं लग्न आहे. प्रश्न लग्नाचा नाही, पण लग्नामुळे अंगाशी आलाय.

तेरा वर्षांची होते तेव्हा मावसभावाच्या मोबाइलवर सॉनिकचा गेम खेळायचे. मग नेटवर त्याच्या चाहत्यांनी काढलेली चित्रं बघायला लागले आणि माझं स्वतःचं एक पात्र काढलं. झंकार, एक शेकरू. ती सॉनिकच्याच जगात राहते. या झाडावरून त्या झाडावर उडी मारली की तिच्या शेपटीतून आवाजाच्या लाटा निघतात. लहानपणीच तिचे बाबा गेलेत. असल्या पात्राला ओसी, म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, म्हणतात. बारा वर्षं मी तिची चित्रं काढतेय, गोष्टी लिहितेय. तिथे मला सगळे झंकारच म्हणतात. खरं नाव दोघा-तिघांनाच माहीत आहे.

तिथलीच माझी एक ब्राझीलची मैत्रीण आहे, आठ वर्षांची ओळख. मी अठरा वर्षांची असताना एकदा रात्री आम्ही आमच्या दोघींच्या पात्रांचे संवाद लिहीत होतो. तिने मध्येच विचारलं, तुझेही बाबा नाहीत का? मी 'हो' लिहिलं. का लिहिलं, खरंच माहीत नाही. मग खरं सांगायचं राहून गेलं. २०२१ मध्ये कोविडने तिचे बाबा गेले. तीन-चार महिने ती रोज माझ्याशी बोलायची. म्हणायची, तुलाच कळेल. मीही बोलत राहिले.

माझे बाबा ठणठणीत आहेत. रेल्वेत मालगाडीवर गार्ड आहेत. तिला लग्न लाइव्ह बघायचंय आणि पत्रिकेचा फोटो हवाय. मराठी असली तरी ती फोन धरून भाषांतर करून वाचते. पत्रिकेत बाबांचं नाव आहे, मागे 'कै.' नाही. कन्यादान बाबाच करणार.

मला वाटतं झंकारचं सगळं डिलीट करून टाकावं. नाहीतरी पंचवीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही. होणाऱ्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. लॅपटॉपवरचा स्टिकर बघून त्याने विचारलं, ही खार कुठली? मी म्हटलं, भाचीने चिकटवलाय. आणि हल्ली बाबांना साधा ताप आला तरी पोटात धस्स होतं. आई म्हणते वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी तर लिहून ठेवलंय.

तुम्ही कधी असं काही केलंय का?

– झंकार (खरं नाव छापू नका)


झंकार,

सही याच नावाने केलीस, तेव्हा उत्तरही याच नावाला.

पत्र दोनदा वाचलं. तू स्वतःवर तीन आरोप ठेवले आहेस. वय झालं तरी कार्टून काढते, ते लोकांपासून लपवते, आणि एक खोटं बोलले. तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून तू ते विहिरीत टाकायला निघाली आहेस. आधी गाठ सोडू या. माझ्या हिशेबाने त्यात खरा आरोप एकच आहे आणि तो शेकरूवर नाही, तुझ्यावर आहे.

निम्म्या वाचकांना ओसी ही काय भानगड ते कळलं नसेल. मलाही नव्हतं. पुतणीला फोन लावला, म्हटलं दोन मिनिटांत सांग. तिने दीड तास सांगितलं. तर सॉनिक हा सेगा या जपानी कंपनीचा १९९१ सालचा निळा, काटेरी, सुसाट पळणारा हेजहॉग. त्याच्याभोवती दोन शेपट्यांचा कोल्हा आहे, लाल एकिड्ना आहे, वटवाघूळ आहे, ससा आहे. त्या दुनियेची घडणच अशी की एक प्राणी घ्यायचा, एक रंग घ्यायचा, एक ताकद द्यायची, की झालं पात्र तयार. बघणाऱ्या पोराला लगेच वाटतं, यात माझाही एक मावेल. मग कुणी मूळ चित्र पेंटमध्ये उघडून त्याचा रंग बदलतं, कुणी दुसऱ्याने काढून ठेवलेला कोरा सांगाडा घेतं. त्याला 'बेस' म्हणतात. त्यावर कान, शेपूट, केस चढवायचे. हात बसला की मग रीतसर तक्ता निघतो: पात्र समोरून, मागून, प्रत्येक रंगाचा चौकोनी ठिपका, स्वभाव, आवडनिवड, आणि बहुतेक वेळा एक दुःखद भूतकाळ. दर जुलैमध्ये यांची एक लढाई असते म्हणे. दोन गट पाडायचे आणि समोरच्या गटातल्या माणसाच्या पात्राचं चित्र काढून त्याच्यावर 'हल्ला' करायचा. जितकं देखणं चित्र, तितका जबर हल्ला. इतकं सभ्य युद्ध मी अजून ऐकलं नव्हतं.

आणि हे कंपनीला ठाऊक नाही असंही नाही. २०१७ मध्ये सेगाने एका गेममध्ये खेळणाऱ्याला स्वतःचं पात्र घडवून सॉनिकच्या बरोबरीने पळायची सोय करून दिली. त्यासाठी सात प्राणी ठेवले होते: लांडगा, ससा, मांजर, कुत्रा, अस्वल, पक्षी आणि हेजहॉग. खार नव्हतीच. म्हणजे झंकार त्या दारातून आत गेलीच नसती, तिला तुलाच काढावं लागलं.

आता वयाचं. 'शोभत नाही' हा शब्द तू लिहिलास, पण तो तुझा नाही, कुणाचा तरी ऐकून आलाय. या छंदातल्या मुलींना हसायची परंपरा जुनी आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या अमेरिकन बाईंनी अवकाशयानाच्या एका मालिकेच्या चाहत्यांसाठी एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू. वय साडेपंधरा, अख्ख्या ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट, सगळ्यांहून हुशार, सगळ्यांची लाडकी, शेवटी सगळ्यांना रडवून मरते. थट्टा फक्कड होती आणि चाहत्यांनी लिहिलेल्या बऱ्याच कथांना लागूही होती. पण पुढे ज्या कुठल्या मुलीने स्वतःसारखं एखादं पात्र गोष्टीत घातलं, तिच्या कपाळावर तेच नाव डकवलं गेलं. आमच्या आळीत प्लास्टिकची बॅट घेऊन 'मी सचिन' म्हणत दिवसभर खेळणारी पोरं होती. त्यांना कुणी नाव ठेवल्याचं मला आठवत नाही. उलट त्यांना सरबत मिळायचं.

तुला एक घर दाखवते. इंग्लंडमधलं हॉवर्थ गाव, जून १८२६. पाद्री असलेले ब्राँटीसाहेब मुलासाठी बारा लाकडी शिपाई घेऊन आले. मुलगा ब्रॅनवेल, त्याच्या तीन बहिणी शार्लट, एमिली आणि ॲन. दहा वर्षांच्या शार्लटने त्यातला देखणा शिपाई उचलला आणि जाहीर केलं, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वेलिंग्टन तेव्हा हयात होता, नेपोलियनला हरवलेला सेनापती, देशाचा हिरो, आणि शार्लट त्याची निस्सीम चाहती. ब्रॅनवेलने अर्थातच आपल्या शिपायाला बोनापार्ट केलं. त्या लाकडी बाहुल्यांतून एक शहर उभं राहिलं, मग एक राज्य. त्याचा इतिहास, भांडणं, प्रेमप्रकरणं, सगळं या पोरांनी काडेपेटीएवढ्या वह्यांत मुंगीच्या पावलांच्या अक्षरात लिहिलं. शार्लटने पुढे वेलिंग्टनच्या मुलालाच नायक केलं आणि ती त्याच्या भानगडी पार तेविशीपर्यंत लिहीत होती. मग तिने एके दिवशी बसून त्या राज्याचा लेखी निरोप घेतला. धाकट्या दोघींचं राज्य वेगळं, आणि त्यांनी निरोपबिरोप काही घेतला नाही. १८४५ च्या जूनअखेरीस एमिली आणि ॲन आगगाडीने यॉर्कला फिरायला गेल्या. एमिलीने नंतर टिपून ठेवलंय की प्रवासभर आम्ही आमचीच पात्रं होतो, राजाच्या पक्षाला मिळण्यासाठी पळून चाललेले कैदी. एमिलीला तेव्हा सत्तावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता, ॲन पंचविशीची. दोनच वर्षांनी एमिलीची कादंबरी छापून आली, ती आजही लोक वाचतात. तू बरी कादंबरीकार होशील असं मी म्हणत नाही. सत्ताविशीची बाई आगगाडीत बसून दुसरंच कुणी होते आणि घरी येऊन ते न लाजता वहीत लिहिते, एवढंच दाखवायचं होतं.

आणि दुसऱ्या नावाची आपल्याकडे तरी कधी चोरी होती? शिरवाडकरांनी बहीण कुसुमच्या नावावरून कुसुमाग्रज हे नाव घेतलं, गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज झाले, आणि आपण त्यांना त्याच नावांनी ओळखतो. बायकांचं तर विचारूच नकोस. माझ्या आईचं माहेरचं नाव वेगळं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि ती त्या क्षणापासून दुसरीच कुणी झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तू तुझं दुसरं नाव तेराव्या वर्षी स्वतः ठेवलंस. शिवाय त्या वयाच्या मुलीने अनोळखी जगासमोर स्वतःचा फोटो न टाकता शेकरूचं चित्र पुढे केलं, याबद्दल तर मी तुझी पाठच थोपटेन. आडनाव, गाव, मार्क काहीही माहीत नसताना लोकांनी तुझी ओळख ठेवली ती तुझ्या रेघेवरून आणि बोलण्यावरून. असं किती जणांच्या वाट्याला येतं?

इथवर तुझ्या बाजूने बोलले. आता त्या रात्रीकडे येते.

पुतणीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. पात्रांचे संवाद लिहिताना मध्येच स्वतःचं काही बोलायचं असेल, म्हणजे 'थांब, आई जेवायला हाक मारतेय' वगैरे, तर ते दुहेरी कंसात टाकायचं. (मथुरेचा नव्हे, गणितातला.) कंसाबाहेर शेकरू बोलतंय, कंसाच्या आत मिरजेची मुलगी. साधी सोय, पण सगळा खेळ तिच्यावर उभा आहे. तुझ्या मैत्रिणीने त्या रात्री विचारलं, 'तुझेही बाबा नाहीत का?' त्या 'ही'कडे बघ. झंकारचे नाहीत हे तिला माहीतच होतं. प्रश्न कंसाच्या आतला होता, तुला होता. आणि तू शेकरूचं उत्तर उचलून कंसात ठेवलंस.

म्हणून म्हणते, झंकारने कुणालाही फसवलेलं नाही. तिचे बाबा गेलेत हे बारा वर्षांपूर्वी खरं होतं आणि आजही खरं आहे. खोटं एका अक्षराचं आहे, 'हो', आणि ते तुझं आहे. त्यासाठी तिला फासावर चढवू नकोस.

तू विचारलंस म्हणून माझंही सांगते. १९८४ च्या सुमारास पत्रमैत्रीचं फार वेड होतं. मासिकांत नाव-पत्ता-छंद छापून यायचे आणि पंधरा पैशांच्या कार्डावर मैत्री व्हायची. जळगावची एक मुलगी माझी पत्रमैत्रीण होती. तिच्या घरी केळीची बाग, दोन बैलजोड्या, गडीमाणसं. आमच्याकडे चिपळूणला दोन खोल्या आणि एक शिवणयंत्र. दुसऱ्याच पत्रात मी लिहून टाकलं, आमच्याकडे घोडा आहे. तिने उलट टपाली विचारलं, नाव काय? तिथून पुढे चार वर्षं मी तो घोडा सांभाळला. त्याला नाल ठोकले, पावसाळ्यात चाऱ्याची काळजी केली, एकदा तो वाशिष्ठीच्या पुरातून पोहून आला. अकरावीत मला त्याचा कंटाळा आला आणि मी त्याला धनुर्वाताने मारलं. जळगावहून दोन पानांचं पत्र आलं. त्यावर शाई फुटली होती. ती खरोखर रडली होती, माझ्या घोड्यासाठी. मी खरं कधीच सांगितलं नाही. पत्रं विरळ होत गेली, मग थांबली, आणि ती का थांबली हे फक्त मला माहीत आहे. घोडा खोटा होता म्हणून नाही. घोडा मेल्यावर ती माझ्याशी इतकी चांगली वागली, की मला तिला तोंड दाखवणं जड झालं.

तुझंही तेच झालंय, फक्त तुझा मामला घोड्याहून फार भारी आहे. तिने तुझ्याकडे खरा मृत्यू आणला. ते तीन-चार महिने तू तिचं ऐकलंस, तेव्हा तुझं मन खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण हे वाक्य तू तिला म्हणायचं नाहीस. म्हणायचं असेल तर ती म्हणेल.

सांगायचं, आणि पत्रिकेचा फोटो पाठवायच्या आधी सांगायचं. भाषांतर करणाऱ्या फोनवर तुझ्या बाबांच्या नावामागचं नसलेलं 'कै.' शोधायची वेळ तिच्यावर आणू नकोस. आणि चुकूनही दुसरा मार्ग धरू नकोस, म्हणजे पत्रिका काकांच्या नावाने करून पाठव किंवा कन्यादानाच्या वेळी नेट गेल्याचं सोंग कर. तुझ्या मनात असलं काही आलं असेलच. माझ्या मनात घोड्याचा फोटो कुठून मिळवावा हेसुद्धा येऊन गेलं होतं.

व्हिडिओ कॉल करू नकोस. समोर चेहरा असला की तिला लगेच काहीतरी बोलावं लागेल, कदाचित 'जाऊ दे गं' म्हणावं लागेल. लिहून पाठव, म्हणजे तिला वाचून फोन बाजूला ठेवता येईल. वेळही बघ. ती साओ पावलोच्या बाजूची असेल तर ते आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. आपली शनिवारची संध्याकाळ साडेसातची, ती तिची सकाळ अकराची. सुट्टीचा अख्खा दिवस तिच्या हातात राहील. आपल्या सकाळी पाठवलंस तर ते तिच्या ऐन झोपेच्या वेळी जाऊन पडेल.

शब्द तुझे असू देत, पण अंदाज यावा म्हणून मी असं लिहिलं असतं: 'माझे बाबा जिवंत आहेत. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं. तुझे बाबा गेले तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं, तेव्हाही सांगितलं नाही. त्या दिवसांत तू मला जे सांगितलंस ते मी कुणालाही दाखवलेलं नाही, दाखवणार नाही. मला माफी मागायची आहे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी समजून घेईन.' बस. कारणं नकोत. लहान होते, रात्र झाली होती, झंकारच्या भरात लिहून गेले, हे काही नको. अंगात आलं होतं म्हणून सुटता येत नाही. शिवाय अठराव्या वर्षीचं एकवेळ समजू शकतं, २०२१ मध्ये तू एकवीस वर्षांची होतीस. 'माफ केलंस ना?' हा प्रश्न तर अजिबात नको. तो विचारला की पुन्हा तिलाच कामाला लावलंस.

ती काय करेल? रागावेल. रागापेक्षा जास्त तिला लाज वाटेल, आपण कुणापुढे मन मोकळं केलं म्हणून. कदाचित ब्लॉक करेल. तुमच्या गोतावळ्यात सांगेलही, आणि चार दिवस तुझ्या नावाने शिमगा होईल. होऊ दे. तू उत्तरादाखल लांबलचक जाहीर निवेदन काढत बसू नकोस. गोष्ट दोघींची आहे. आणि समजा तिने महिन्याने लिहिलं, तर लग्नाच्या गडबडीतही उत्तर दे.

आता डिलीट करण्याबद्दल. तुझ्या मते हा पश्चात्ताप आहे, मला ते पळून जाणं दिसतं. झंकार गायब झाली की तुला कुणी विचारणार नाही, हेच त्यामागे आहे ना? दुसरं म्हणजे बारा वर्षांत झंकार तुझ्या एकटीची राहिलेली नाही. दुसऱ्यांनी तिची चित्रं काढून दिली असतील, त्यांच्या गोष्टींत ती येऊन गेली असेल. तू सगळं पुसलंस तर त्यांच्या वह्यांना भोकं पडतील. चित्रं उतरवून घे, दोन ठिकाणी ठेव, आणि दिवाळीपर्यंत कशालाही हात लावू नकोस. नंतर वाटलंच, तर शार्लटसारखी बस आणि नीट निरोप लिही. किंवा एमिलीसारखी गाडीत बस.

नवऱ्या मुलाचं थोडक्यात. त्याने विचारलं ही खार कुठली, तू म्हणालीस भाचीने चिकटवली. पुन्हा तोच हात, झंकार. साधा प्रश्न आला की खरं उत्तर जरा ओशाळं वाटतं आणि जवळ पडलेलं सोपं उत्तर तू उचलतेस. त्या मुलाने बिचाऱ्याने कुत्सितपणे विचारलं असंही तुझ्या पत्रात नाही. या आठवड्यात सांगून टाक, 'ती साधी खार नाही, शेकरू आहे, आणि मी काढलंय.' तो हसला तर हसू दे, चित्र दाखव. हसून पुन्हा-पुन्हा टोचत राहिला तर मात्र मला दुसरं पत्र लिही, तो वेगळ्या सदराचा विषय आहे. ब्राझीलचं प्रकरण त्याला सांगायचं की नाही, आणि कधी, ते तुझं तू ठरव.

राहता राहिला तथास्तु. आमच्या वाड्यात सकाळ-संध्याकाळ 'मेल्या' आणि 'मुडद्या' याखेरीज दुसऱ्या नावाने पोरांना हाक मारली जात नव्हती. ते सगळे मुडदे आज साठी-सत्तरीचे आहेत, गुडघे सोडले तर कुणाला काही झालेलं नाही. वास्तू एवढी कान देऊन ऐकत नाही. तुझ्या बाबांना ताप येतो तो रात्रपाळीने आणि गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या वाऱ्याने.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मी काही मानसशास्त्र शिकलेली नाही, पटलं नाही तर सोडून दे. गार्डच्या घरात 'बाबा गेले' हे वाक्य आठवड्यातून किती वेळा बोललं जात असेल? बाबा कुठेत? गेले. कधी येणार? माहीत नाही, गाडी कुठे अडेल तसं. आले की दार लावून झोपलेले, आवाज करायचा नाही. तेरा वर्षांच्या मुलीने एक पात्र काढलं, जिचे बाबा गेलेत आणि जी उडी मारली की आवाज करते. झंकारच्या गोष्टीत ते 'गेले' म्हणजे नक्की काय झालं, हे तू कुठे लिहिलं आहेस का? पत्रात तरी नाही. बाबांना यातलं काही कबूल करायची गरज नाही, त्यांना उगाच घोर लागेल. पण ते घरी असतील त्या दिवशी, झोप झाल्यावर, चहाच्या वेळी, तिची चार चित्रं त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नसावी. लग्न झालं की मग 'गेली' ते तुझ्याबद्दल म्हणतील.

आणि चित्रांवरून आठवलं. तू पत्रासोबत पाठवलेली तिन्ही बघितली. रंग अचूक आहेत, पाठीचा तो तांबूस तपकिरी आणि पोटाचा पिवळट. डोळे मोठे काढतेस ते त्या दुनियेच्या रीतीप्रमाणे असेल. पण शेपूट चुकलीय. भीमाशंकरला मी एकदा मान मोडेपर्यंत वर बघत उभी होते. आधी फांदीवरून खाली लोंबणारी नुसती शेपूटच दिसली, शेकरू मागाहून. अंगाएवढी तरी असतेच ती, बरेचदा जास्तच. तू निम्म्यावर आणून ठेवलीस. पुढच्या चित्रात वाढव.